राशी आणि अवयवी

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या आह्निकात, ‘अवयवी’विषयीचा जो वाद आला आहे तो वरवर चाळणाऱ्या वाचकास पंडितांच्या फावल्या वेळेतील करमणूक वाटण्याचा पुष्कळ संभव आहे. वस्त्र ही आपल्या तंतूंहून निराळी अशी एक वस्तू आहे, की विशिष्ट रीतीने गुंफलेल्या तंतूंनाच आपण व्यवहाराच्या सोयीसाठी वस्त्र हे नाव दिले आहे, एवढाच काय तो प्रश्न. नैयायिक म्हणतात की अवयवांच्या संयोगातून अवयवी नावाचे नवे द्रव्य खरोखरीच उत्पन्न होते आणि ते आपल्या अवयवांच्या ठायी समवायसंबंधाने राहते. बौद्ध म्हणतात की ज्याप्रमाणे हत्ती, घोडे आणि पायदळ यांपलीकडे सेना नावाचे काही नाही, झाडांपलीकडे वन नावाचे काही नाही, त्याप्रमाणे परमाणूंच्या पुंजापलीकडे घट नावाचेही काही नाही. सूत्रकार गौतमांनी अवयवीच्या बाजूने जी कारणे दिली आहेत, त्यांतील एक अगदी रोजच्या व्यवहारातले आहे. घड्याचा काठ धरला की सबंध घडा उचलला जातो, दोरीचे टोक ओढले की सबंध दोरी ओढली जाते. एका भागावर केलेली क्रिया ज्याअर्थी सर्व भागांना लागू पडते, त्याअर्थी तेथे एक वस्तू असलीच पाहिजे.

या कारणावर भाष्यकार वात्स्यायनांनी स्वतःच जी शंका काढली आहे ती माझ्या दृष्टीने त्या सबंध प्रकरणातील सर्वांत मोलाची जागा होय. धरणे आणि ओढणे हे अवयवीमुळे घडतच नाही, ते संग्रहामुळे घडते, अशी ती शंका. आणि संग्रह म्हणजे संयोगाच्या सोबतीने राहणारा एक वेगळा गुण, जो स्नेह आणि द्रवत्व यांपासून होतो, कच्च्या घड्यात पाण्याच्या संयोगाने आणि भाजलेल्या घड्यात अग्नीच्या संयोगाने. धरणे-ओढणे हे अवयवीचेच कार्य असते तर ते धुळीच्या राशीतही आढळले असते; उलटपक्षी, जेथे नवे द्रव्य मुळीच उत्पन्न झालेले नाही अशा, लाखेने एकमेकांस चिकटवलेल्या गवत, दगड आणि लाकडांच्या बाबतीत ते आढळायला नको होते, पण आढळते. धुळीची रास, ओला कच्चा घडा, भाजलेला घडा आणि लाखेने जोडलेली मोळी असे चार पदार्थ चार ओळींत एकमेकांशेजारी मांडले गेले आहेत, आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मृदायांत्रिकीच्या पहिल्या सत्रात जे शिकावे लागते त्याचा आराखडा नेमका या चारांत मावतो. आमच्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते असे म्हणण्याची जी खोड आपल्याकडे बळावली आहे तिचा मला मनापासून कंटाळा आहे, म्हणून लगेच सांगून टाकतो की वात्स्यायनांना अवयवी सिद्ध करावयाचा होता, त्यांना इमारतीचा पाया घालावयाचा नव्हता. परंतु ज्याचे पोट पाया घालण्यावर चालते त्याला त्यांची शंका त्यांच्या सिद्धांताहून अधिक जवळची वाटली तर तो दोष मानू नये.

माझे पोट त्यावर चालते. कुवेतच्या फरवानिया प्रांतातील रिग्गई या वस्तीत माझे बिऱ्हाड आहे. वस्ती भाड्याच्या उंच इमारतींची. एका जिन्यावर मिसरी, मल्याळी आणि मराठी कुटुंबे सुखाने नांदतात, आणि जून उजाडला की पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकणारी आमची मुले सुटीसाठी आईबापांकडे परततात. त्यांतलीच शेजारच्या बिऱ्हाडातील एक मुलगी तिसऱ्या वर्षाचे पुस्तक घेऊन येऊन बसली आणि म्हणाली, “काका, वाळूचे सी शून्य असते असे सर सांगतात. मग सालमियाच्या किनाऱ्यावर मी लहानपणी ओल्या वाळूचे किल्ले बांधायचे, ते उभे कसे राहायचे?” प्रश्न वात्स्यायनांचाच होता, फक्त किनारा अरबी होता.

तिच्या सी या अक्षराची हकीकत अशी. शार्ल ऑगस्तँ कूलाँ हा फ्रेंच लष्करी अभियंता मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे काम करून परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध सादर केला, आणि मातीची सरकण्यास होणारी हरकत दोन हिश्शांत वाटून दिली. एक हिस्सा संसंजनाचा, म्हणजे कण एकमेकांस धरून राहतात त्याचा. दुसरा घर्षणाचा, म्हणजे कण एकमेकांवर घासतात त्याचा. पहिला हिस्सा भारावर अवलंबून नाही. दुसरा भाराच्या प्रमाणात वाढतो. विद्यार्थी यांना सी आणि फाय म्हणतात. कोरड्या स्वच्छ वाळूत सी नाही, फक्त फाय आहे. म्हणूनच वाळूची रास तीस-पस्तीस अंशांच्या आसपास उतार धरून राहते, आणि म्हणूनच तिचा काठ धरून ती उचलता येत नाही. राशीची ही व्याख्या वात्स्यायनांनी केली तीच आहे. मात्र तिच्यातून निघणारे अनुमान उलटे आहे, आणि त्याकडे नैयायिक आणि बौद्ध या दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले असे मला वाटते. धुळीची रास ही वस्तू नव्हे यावर दोघांचेही एकमत. एकाने ती दृष्टांत म्हणून घेतली, दुसऱ्याने प्रतिदृष्टांत म्हणून. आणि जी वस्तूच नाही तिच्यावर भार काय ठेवायचा, अशा समजुतीने दोघेही पुढे निघून गेले. प्रत्यक्षात जगातील मोठमोठी नगरे या राशींवरच उभी आहेत. घट्ट शिवलेल्या तांदळाच्या पोत्यावर माणूस निर्धास्त उभा राहतो, पोते उसवले की तेच दाणे पायाखालून पळतात. वाळूचे बळही असेच बाजूने आवळल्याने आणि वरून दाबल्याने येते, आणि जितके दाबावे तितके वाढते. ते एका कणात नाही. दोन कणांच्या स्पर्शबिंदूत आहे, आणि तेही स्पर्श दाबला गेला असेल तोवरच.

वाळूविषयीची बेअब्रू मात्र फार जुनी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शहाण्याचे घर खडकावर आणि मूर्खाचे घर वाळूवर बांधवितो, दुसरे कोसळते. आमच्या धंद्यातील माणसाला हा दृष्टांत वाचताना वाळूची वकिली करावीशी वाटते, कारण घनदाट वाळूवर नीट घातलेला पाया चिकणमातीवरील पायापेक्षा पुष्कळदा अधिक इमानी निघतो. परंतु दृष्टांत नीट वाचला तर त्यात पाऊस आहे, पूर आहे. घर पडते ते वाळूमुळे नव्हे, वाहत्या पाण्याने पायाखालची वाळू नेल्यामुळे. कामावरच्या मिसरी पर्यवेक्षकाला हे मी सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “या बाश्मुहंदिस (अहो इंजिनिअरसाहेब), आमच्या किताबातही तेच आहे.” त्याने कुराणाच्या नवव्या सूरेतील ती आयत सांगितली जिच्यात ईश्वरभीतीच्या पायावर इमारत उभारणारा श्रेष्ठ, की ढासळत्या दरडीच्या काठावर उभारणारा, असा सवाल केला आहे. ती दरडही प्रवाहाने खालून पोखरलेलीच आहे. येशूचा मुलूख आणि हिजाज हे दोन्ही कोरडे, जेथे वर्षातून एखादे वेळी एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून लोंढा येतो आणि घरे नेतो. अशा मुलखातल्या श्रोत्यांना पायाच्या अपघाताचे कारण पाणी हे निराळे समजावून सांगावे लागत नसे.

आपल्याकडच्या गृह्यसूत्रांची रीत याहून निराळी. तेथे उपदेश नाही, परीक्षा आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात घरासाठी जागा पाहताना गुडघाभर खड्डा खणून त्यातून निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा असे सांगितले आहे: माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरला तर मध्यम, माती कमी पडली तर ती जागा टाकावी. नंतर सूर्यास्ताला तोच खड्डा पाण्याने भरून ठेवावा, आणि सकाळी पाणी शिल्लक असेल तर उत्तम, नुसती ओल असेल तर मध्यम, कोरडा असेल तर त्याज्य. पहिल्या परीक्षेत काय मोजले जाते ते अभियंत्याला चटकन कळते. निसर्गतः दाट बसलेली माती खणून सैल झाली की तिला अधिक जागा लागते, म्हणून उरते. मुळात पोकळ असलेली माती हाताने चोपली की कमी भरते. आज आम्ही रस्त्याच्या भरावाची घनता तपासताना खड्ड्यातील माती तोलून त्याच खड्ड्यात मोजून ठेवलेली वाळू ओततो, तो याच विचाराचा वंशज आहे. दुसऱ्या परीक्षेविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. सूत्रकारांची नजर ओलाव्याच्या शुभत्वावर आणि बहुधा विहिरीवर असावी. आम्हांला तर ज्या खड्ड्यातले पाणी सकाळपर्यंत हलत नाही तेथे चिकणमाती असणार, आणि चिकणमाती असणार म्हणजे इमारत वर्षानुवर्षे खचत राहण्याची धास्ती. काळ्या मातीवर घर बांधून दरसाल भिंतींच्या भेगा लिंपणाऱ्या वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला ही धास्ती निराळी सांगायला नको. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या फटी पाडते, आणि घर तिच्याबरोबर वरखाली होते.

आता त्या मुलीच्या किल्ल्याकडे वळतो. वैशेषिकांनी स्नेह हा गुण एकट्या पाण्याला दिला आणि चूर्णाचा गोळा होण्याचे कारण तोच, असे ठरवले. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात बालकांनाही हे लक्षण पाठ करायला लावतात. ओल्या वाळूच्या बाबतीत ते बरोबरच दिसते. कणांच्या सांदीत पाण्याचे बारीक पडदे अडकतात, पृष्ठताणामुळे ते आक्रसू पाहतात, आणि कणांना एकमेकांकडे ओढतात. किल्ला त्या ओढीवर उभा राहतो. पण त्याच किल्ल्यावर आणखी एक बादली ओता. सांदी पूर्ण भरल्या की पडदे राहत नाहीत, ओढ नाहीशी होते, आणि किल्ला बसकण मारतो. उन्हात ठेवला तरी तीच गत. पाणी अजिबात नसले तर संग्रह नाही, सर्वत्र असले तरी नाही. तेव्हा संग्रह हा पाण्याचा गुण कसा म्हणावा? पाण्याच्या आणि हवेच्या हद्दीवर जे घडते त्याचा तो परिणाम आहे. अन्नंभट्टांचे लक्षण व्यवहारात चालते आणि अतिव्याप्तीत, म्हणजे हवे त्याहून अधिक ठिकाणी लागू पडण्याच्या दोषात, सापडते, असे मी तिला म्हणालो. तिला अतिव्याप्ती हा शब्द फार आवडला.

पाण्याने भरलेल्या मातीत खरोखर काय चालते याचा उलगडा इतिहासात फार उशिरा झाला. १८८३ साली प्राग येथे जन्मलेला कार्ल तेर्झागी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, इस्तंबूलला तुर्की अभियांत्रिकी विद्यालयात शिकवायला आला, युद्धानंतर बॉस्फरसच्या काठावरच्या रॉबर्ट कॉलेजात गेला, आणि तेथे टाकाऊ सामानातून स्वतः बनविलेल्या उपकरणांवर चिकणमाती वर्षानुवर्षे दाबत बसला. १९२५ मध्ये त्याचा जर्मन ग्रंथ व्हिएन्नात प्रसिद्ध झाला आणि मृदायांत्रिकी या शास्त्राचा जन्म त्या सालापासून मोजतात. त्याने जे पाहिले ते सांगायला सोपे आहे. मातीवर येणारा भार दोघांत वाटला जातो, कणांच्या सांगाड्यात आणि सांदीतल्या पाण्यात. पाणी दाब सोसते, पण सरकण्यास काडीचीही हरकत घेत नाही. हरकत घेतो तो सांगाडा. म्हणून एकूण ताणातून छिद्रजलाचा दाब वजा केल्यावर जो उरतो तोच ताण मातीच्या बळाला कारण होतो. त्याला प्रभावी ताण म्हणतात. पाणी पृष्ठभागापर्यंत असलेल्या जमिनीत ५ मीटर खोलीवर, ओल्या मातीचे वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरले तर, एकूण ताण चौरस मीटरला १०० किलोन्यूटन येतो आणि पाण्याचा दाब सुमारे ५०. उरलेल्या पन्नासावर त्या मातीचा सगळा भरवसा. पाण्याचा दाब काही कारणाने शंभराला पोचला तर वजन तेच, कण तेच, मांडणी तीच, आणि तरी बळ शून्य.

या वजाबाकीने किती गावे पुसली गेली त्याचा हिशोब कोणत्याही दप्तरात एकत्र सापडायचा नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी पहाटेच्या पावसात डोंगर खाली येऊन गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. सततच्या वृष्टीने उतारावरच्या मातीतला छिद्रजलाचा दाब वाढतो, प्रभावी ताण घटतो, आणि ज्या सांगाड्याने शेकडो पावसाळे तोलून धरले तो एका पावसाळ्यात सुटतो. अशा वेळी देवाची करणी म्हणून हात जोडण्याचा शिरस्ता आहे. देवावर जबाबदारी टाकण्यात मला अधर्म वाटतो तो एवढ्याच कारणाने, की पाणी कोठून मुरेल, कोठून वाहून काढता येईल, उताराचा पाय कोठे कापू नये, हे सर्व माणसाच्या अखत्यारीतले आहे आणि त्याची विद्याही आता जुनी झाली आहे.

रिग्गईची जमीन या वजाबाकीपासून बऱ्याच अंशी मुक्त होती, कारण येथे पाणीच नव्हते. वर्षाचा सरासरी पाऊस १०० मिलिमीटरच्या थोडा वर. जुन्या कुवेतला पिण्याचे पाणीसुद्धा शत्त-अल-अरबमधून होड्यांनी आणावे लागे. वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या पातळ थराखाली चुन्याने सांधलेल्या वाळूचा एक थर लागतो, त्याला येथील लोक गच म्हणतात. नव्या इमारतीसाठी घेतलेल्या चाचणीखड्ड्यात उतरून पाहिले तर तो फिकट, मळकट पांढरा दिसतो. भिंत उभी कापली तरी ढासळत नाही, यंत्राच्या दातांचे ओरखडे तिच्यावर कोरल्यासारखे राहतात. आमच्या चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. गचात पन्नास ठोके देऊनही नळी पुरती जात नाही असे वारंवार घडते. मजूर त्याला खडकच समजतात. त्याचे एक ढेकूळ मी त्या मुलीसाठी घरी आणले होते. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुना फसफसतो. दुसरे ढेकूळ काचेच्या पेल्यात पाण्यात सोडले. प्रथम बारीक बुडबुडे निघाले, मग कडांवरून दाणे सुटू लागले, आणि चहा पिऊन होईस्तोवर ढेकळाचा एक भाग वाळू होऊन तळाशी बसला. मधला गाभा तसाच राहिला, बोटांनी दाबला तरी फुटेना. सगळा गच सारखा नाही. कोठे चुन्याने पक्के सांधलेला, कोठे नुसत्या क्षारांनी आणि चिमूटभर चिकणमातीने धरलेला. हीच वात्स्यायनांची लाखेची मोळी: नवे द्रव्य नाही, तरी उचलता येते, आणि लाख कोणत्या जातीची आहे त्यावर सर्व भिस्त.

१९५३ मध्ये शुवैख येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा सरकारी कारखाना चालू झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत नळ, बागा, गळक्या वाहिन्या व मैलापाणी यांतून जमिनीत इतके पाणी मुरले की शहरी भागात भूजलाची पातळी वर चढू लागली. ज्या जमिनीने कधी पाणी पाहिले नव्हते तिच्या मुळाशी माणसाने पाणी नेऊन ठेवले. १९८८ मध्ये अहमदीकडील धहर या वस्तीत घरांमधल्या जमिनीला अचानक खोल विवरे पडली. तेथे वरच्या वाळूखाली दम्माम नावाच्या चुनखडकात पोकळ्या होत्या आणि वरची वाळू त्यांत उतरली. नोव्हेंबर २०१८ मधल्या पावसाने रस्ते आणि भुयारी मार्ग बुडाले व सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणून या देशात जमिनीचा दाखला देताना आजची स्थिती सांगून भागत नाही. उद्या पाणी कोठवर येईल त्याचाही तपशील द्यावा लागतो.

तीच जमीन पाण्याने अशी निराळी वागू लागते म्हटल्यावर छांदोग्य उपनिषदाची आठवण अपरिहार्य आहे. उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे जेवढे काही आहे तेवढे सर्व जाणले जाते. विकार केवळ नावापुरते, माती हेच सत्य. वेदान्ताच्या इमारतीला हा पायाचा दगड आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेत तो एक दिवससुद्धा टिकायचा नाही. एकाच खड्ड्यातील एक मीटर अंतरावरचे दोन गोळे निराळे वागतात. त्याहून चमत्कारिक असे की घटक, कण आणि पाणी सर्व समान असलेले चिकणमातीचे दोन गोळेही निराळे वागतात, जर त्यांतल्या एकावर पूर्वी कधी अधिक भार येऊन गेला असेल. वरचा थर धुपून गेला, हिमनदी वितळली, भार उतरला, तरी मातीत त्या जुन्या भाराची खूण राहते; आर्थर कासाग्रांदे याने १९३६ मध्ये ती आलेखावरून वाचण्याची रीत दिली. त्या भारापर्यंत माती थोडी दबते, तो ओलांडला की पुष्कळ. पिसाच्या मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांत थांबले, ते जवळजवळ शतकभर थांबून राहिले. त्या अवधीत खालची चिकणमाती आपले पाणी हळूहळू सोडून दृढ झाली, नाहीतर तो मनोरा कलण्याऐवजी तेव्हाच आडवा झाला असता असे जाणकार मानतात. नैयायिकांनी भावना नावाचा, स्मृतीला कारण होणारा संस्कार एकट्या आत्म्याला बहाल केला आणि पृथ्वीला वेग आणि स्थितिस्थापक एवढेच संस्कार दिले. चिकणमातीने हा वाटणीपत्राचा मसुदा धुडकावला आहे, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु तिच्यातली खूण ही कणांच्या मांडणीतली आहे, तिला स्मृती म्हणणे ही आमची बोलण्याची लकब, इतके मान्य केले पाहिजे.

वेदान्ती यावर म्हणेल की आरुणी उपादानाविषयी बोलत होता, मांडणीविषयी नाही. मांडणी हेच तर नामरूप, आणि ते मिथ्या आहे. हे उत्तर तर्काने निर्दोष आहे. माझी अडचण इतकीच की भार पेलते ते नामरूपच. सत्य माती एकच असेल, पण सैल माती आणि दाट माती यांत फरक आहे तो सर्व नावारूपाचा, आणि दहा मजले त्या फरकावर उभे असतात. गणेशचतुर्थीला आमच्या बिऱ्हाडांतून पेणहून सामानात जपून आणलेली शाडूची मूर्ती बसते आणि विसर्जनाला घरच्याच बादलीत सोडली जाते. सकाळी तळाशी गाळ असतो. ती वात्स्यायनांच्या कच्च्या घड्याच्या जातीची, पाण्याने धरलेली आणि पाण्याने सुटणारी. प्लास्टरची मूर्ती भाजलेल्या जिप्समची, ती आठवडाभर बादलीत हट्टाने बसून राहते. विसर्जनाच्या विधीला सुटणारा संग्रहच लागतो, हे धर्मशास्त्राने स्पष्ट लिहिले नसले तरी पार्थिव पूजेत गृहीत धरलेले आहे.

मग इमारतीखाली अवयवी आहे की नाही? माझा निकाल असा आहे. जोत्याच्या वर नैयायिक बरोबर आहेत. इमारतीचा एक कोपरा दोन सेंटिमीटर खचला आणि बाकीचे तीन जागीच राहिले तर दूरच्या खोलीतील भिंतीला तिरपी भेग जाते. सर्व कोपरे सारखेच खचले तर कोणालाही पत्ता लागत नाही. एका भागाला ओढले की सर्वांना ओढ बसते, हे गौतमांचे कारण भेगेच्या रूपाने भिंतीवर लिहिलेले असते, आणि म्हणूनच आम्ही एकूण खचण्यापेक्षा असमान खचण्याची अधिक चिंता करतो. पायाच्या खाली मात्र बौद्धांचे राज्य आहे. राशीला भेग जात नाही. तिचे कण जागा बदलतात, पुन्हा एकमेकांना टेकतात, आणि काही घडलेच नाही अशा थाटात भार घेऊ लागतात. बौद्धांची चूक एवढीच की जी एक वस्तू नाही ती आधार देऊ शकणार नाही असे त्यांनी, आणि त्यांच्याबरोबर नैयायिकांनीही, न बोलता धरले. आधार देण्यास द्रव्याची एकता लागत नाही. दाबलेले संयोग पुरतात, आणि त्या संयोगांच्या अटी शाबूत राहाव्या लागतात. पायाचे काँक्रीट ही या दोन दर्शनांमधली हद्द. तेथे अभियंता मुखत्यारासारखा उभा राहतो, वरच्या पक्षाची एकता खालच्या पक्षाच्या अनेकतेला पेलवेल इतक्या बेताने भार पसरून देतो.

हा निकाल त्या मुलीला मान्य झाला नाही. तिची हरकत गचाच्या पेल्याकडे बोट दाखवणारी होती. “काका, हा गच पायाच्या खाली आहे, पण त्याला भेग जाते. मग तो रास की वस्तू?” मिलेतसच्या युबुलिडीसने ग्रीसमध्ये असाच प्रश्न धान्याच्या ढिगाविषयी विचारला होता, की एकेक दाणा काढत गेल्यावर तो ढीग नेमका कोणत्या दाण्याला ढीग राहत नाही; येथे दाणे तेवढेच ठेवून चुना वाढवीत जायचे आहे, आणि कोणत्या टक्क्याला रास संपून अवयवी सुरू होतो ते सांगायचे आहे. आमच्या अहवालांच्या नमुन्यात यासाठी एक रकाना असतो आणि त्यात ‘किंचित सांधलेली’, ‘मध्यम सांधलेली’, ‘घट्ट सांधलेली’ यांपैकी काहीतरी भरतात, पुष्कळदा बोटांनी ढेकूळ चुरून पाहून. मालकाला तो रकाना नको असतो. त्याला चौरस मीटरला किती भार चालेल तो आकडा हवा असतो, आणि तो मंजुरीच्या अर्जाला जोडायचा असतो. या खड्ड्याच्या अहवालात आकडा गच कोरडा धरून दिला नाही, पाण्यात बुडवलेल्या नमुन्यांवरून दिला. तो बराच कमी आला, आणि त्यावरून दोन आठवडे पत्रव्यवहार चालला आहे. रकान्यात काय भरायचे ते मुलीने सुचवले: ‘वरच्या दीड मीटरमध्ये किंचित, खाली मध्यम, मधली सीमा अस्पष्ट.’ मी ते तसेच भरले.